वळणाआडची कड

जठराच्या आत दिसणारा व्रण साधा आहे की घातक, हे केवळ डोळ्यांनी पाहून ओळखता येते का? हा प्रश्न मी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बोईसरच्या एका डॉक्टरांना विचारला होता. त्याचे उत्तर लिहून ठेवावे, एवढ्याच हेतूने हा लेख सुरू केला आहे. उत्तर चार ओळींत देता आले असते. परंतु ते ज्या रीतीने माझ्या हाती आले ती रीत डॉक्टरांवाचून सांगता येत नाही, आणि डॉक्टर चार ओळींत मावणारे गृहस्थ नव्हते.

त्या काळी मी बोईसरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे. शाळा दुपारची होती. छातीत जळजळ होते म्हणून एका सकाळी मी त्यांच्या दवाखान्यात गेलो. दवाखाना तारापूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर होता. त्यांनी माझी जळजळ दोन मिनिटांत निकाली काढली. रात्री उशिरा जेवू नका आणि डोक्याखाली दोन उशा घ्या, असे सांगितले. मग मी वरचा प्रश्न विचारला. माझा एक सहकारी नुकताच पोटाच्या व्रणाने गेला होता, म्हणून तो मनात होता.

त्यांनी उलट विचारले, "तुम्ही काय करता?"

"चित्रकला शिकवतो."

"मंगळवारी सकाळी उपाशी या."

मी उपाशी गेलो. माझी तपासणी होणार असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात टेबलावर दुसराच मनुष्य डाव्या कुशीवर झोपलेला होता, त्याच्या तोंडातून एक काळी नळी आत गेली होती, आणि नळीच्या बाहेरच्या टोकाला असलेल्या भिंगाला डॉक्टरांनी एक डोळा लावला होता. थोड्या वेळाने त्यांनी नळी तशीच धरून मान बाजूला घेतली आणि म्हणाले, "मास्तर, पाहा. वीस अंक मोजेपर्यंत." मी पाहिले. नंतर त्यांनी मला कागद दिला. मी उपाशी का यायचे होते, असे मी जाताना विचारले. ते म्हणाले, "पहिल्या दिवशी बघणाऱ्याला ओकारी होते."

पुढची साडेचार वर्षे मी मंगळवारी आणि शुक्रवारी तेथे चित्रे काढली. दुर्बिणीला जोडायचा कॅमेरा त्यांच्याकडे नव्हता, आणि असता तरी त्यांनी तो वापरला नसता असे मला वाटते. त्यांचे म्हणणे असे की फोटो काढणारा मनुष्य पाहत नाही. रोग्याला आधी विचारले जाई. "हे मास्तर आहेत, तुमच्या पोटाचं चित्र काढतील, चालेल का?" बहुतेकांना चालत असे. एका बाईंनी "रंगीत काढा" एवढीच अट घातली होती.

एक जाड वही होती. डावे पान डॉक्टरांचे, उजवे माझे. डाव्या पानावर ते आपल्याला दिसलेले शब्दांत लिहीत, उजव्या पानावर मी मला दिसलेले काढत असे. दोघांनी एकमेकांचे पान आधी पाहायचे नाही, असा नियम होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ताळा होई. ते डावे पान मोठ्याने वाचत आणि मी उजव्या पानावर त्या त्या ठिकाणी बोट ठेवत असे. बोट ठेवायला जागा सापडली नाही, तर दोघांपैकी एकजण चुकलेला असे. कोण, याविषयी ते घाई करत नसत.

माझ्या पहिल्या चित्रात सात काळे ठिपके होते. मी ते काळजीपूर्वक, त्यांच्या परस्परांतील अंतरांसह काढले होते. डॉक्टरांनी ते मोजले आणि म्हणाले, "बरोबर आहेत. सातच आहेत. पण हे माझ्या दुर्बिणीचे आहेत, रोग्याचे नाहीत." त्या नळीत केसाहून बारीक अशा काचेच्या हजारो तंतूंची जुडी असते आणि तिच्यातून आतले चित्र डोळ्यापर्यंत येते. एखादा तंतू तुटला की तेथे काळा ठिपका दिसतो. तो ओळखायचा कसा, असे मी विचारले. "नळी फिरवा. जे तुमच्याबरोबर सगळीकडे येतं ते तुमचं. जे मागे राहतं ते त्याचं." हे वाक्य त्यांनी तत्त्वज्ञान म्हणून उच्चारले नव्हते. ते नळीविषयी बोलत होते.

दवाखान्यात रोगाचे नाव आधी उच्चारण्यास मनाई होती. कुठे आहे, केवढे आहे, रंग कोणता, कड कशी आहे, आणि चिमट्याचे टोक लावले तर काय होते, एवढे सांगून झाल्यावरच नाव घेता येई. एडवणहून येणाऱ्या सिस्टर एकदा उत्साहाने "अल्सर!" म्हणाल्या, तर त्यांना त्या दिवशीच्या सर्व रोग्यांच्या फिरक्या, म्हणजे नळी चावली जाऊ नये म्हणून दातांत धरायची कडी, धुवाव्या लागल्या. स्वतः डॉक्टर एकदा चुकून "गॅस्ट्रायटिस" म्हणाले, तेव्हा त्यांनी कोणी न सांगता फिरक्या उचलल्या आणि मोरीकडे गेले.

बिघाड ओळखायचा तर आधी निरोगी पोट पाठ हवे, हा त्यांचा आग्रह होता. वहीचे पहिले पान त्यासाठी राखून ठेवले होते. तेथे कोणाचे पोट काढावे, यावर त्यांनी बराच विचार केला आणि अखेर स्वतःचे ठरवले. मुंबईहून त्यांचे एक मित्र आले. डॉक्टर टेबलावर झोपले, मित्राने नळी घातली, मी पाहिले आणि काढले. नळी बाहेर आल्यावर त्यांनी मित्राला काही विचारले नाही, माझा कागद मागितला. अन्ननलिका संपून जठर सुरू होते तेथे फिकट गुलाबी आणि गडद गुलाबी अशा दोन रंगांची नागमोडी सीमा असते. ती असायला हवी त्याहून माझ्या चित्रात वर सरकलेली होती आणि तिच्यालगत दोन लाल रेघा होत्या. त्यांनी कागद परत दिला.

"मी नॉर्मल म्हणून अपात्र आहे," ते म्हणाले. "मास्तर, शुक्रवारी उपाशी या."

अशा रीतीने पहिल्या पानावर माझे पोट आहे. ते चित्र अर्थातच डॉक्टरांनी काढले आहे, आणि ते दुधी भोपळ्यासारखे दिसते.

त्यांच्याविषयी गावात दोन मते होती. कारखान्यांतले कामगार त्यांना 'नळीवाले डॉक्टर' म्हणत आणि मानत. आसपासचे इतर डॉक्टर त्यांना चक्रम म्हणत, परंतु आपापल्या नातेवाइकांना त्यांच्याकडेच पाठवत. लग्नाच्या पंगतीत ते वाढलेली जिलेबी फिरवून तिची कड पाहत असत, हे मी स्वतः पाहिले आहे. यजमानांना ते आवडत नसे.

एकदा केळव्याचे एक बागायतदार आले. नळी आत जाताच जठरात सर्वत्र लाल दिसू लागले. सिस्टरांनी भिंगाला डोळा लावून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला, पण फिरक्यांच्या भीतीने त्या गप्प राहिल्या. डॉक्टरांनी नळीतून पाणी सोडले. लाल वाहून गेले आणि खाली स्वच्छ, ओलसर, गुलाबी अस्तर उरले. रक्त असते तर ते कोठून तरी येत राहिले असते. याला उगमच नव्हता. तपासणीनंतर डॉक्टरांनी विचारले, "पान केव्हा खाल्लंत?"

"निघताना. पण उपाशीच हाय मी. पान काय खाण्यात धरत नाय."

"कात जरा जास्त झाला होता," डॉक्टर म्हणाले.

याच्या उलट एक प्रसंग झाला. एका रंगाच्या कारखान्यातला कामगार आला होता. त्याच्या जठरात पोहे दिसले. अगदी स्पष्ट, दाणे ओळखू यावेत इतके. सिस्टर त्याच्यावर चिडल्या. "झूठ बोलते हो! खाके आया ना?"

"कसम से दीदी, कल से पानी के सिवा कुछ नहीं."

डॉक्टरांनी नळी काढली, त्याला उठून बसू दिले आणि शांतपणे विचारले, "पोहा कब खाया था?"

तो आठवू लागला. "पोहा तो परसों सुबह, साहब. कैंटीन में."

डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिले. दोन दिवसांपूर्वीचे पोहे जर अजून जठरात असतील, तर जठराचे पुढचे दार अरुंद झालेले असणार. जुन्या व्रणाचा वण आवळत गेला की असे होते. मनुष्य खरे बोलत होता, आणि त्याचे खरे बोलणे हेच लक्षण होते. पुढे तपासणीत तसेच निघाले. सिस्टरांनी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "कोई बात नहीं दीदी, घरवाली भी नहीं मानती थी."

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहिला, त्याकडे येतो.

चिंचणीच्या जमनाबाई, वय पन्नाशीच्या आतले, मासळी सुकवण्याचा आणि विकण्याचा धंदा. पोटाच्या वरच्या भागात दुखते, दोन घास खाल्ले की पोट भरते, आणि चार महिन्यांत लुगडे सैल होऊ लागले, या तक्रारी घेऊन त्या आल्या. जठराच्या आतल्या वळणावर, जेथे ते कोपरासारखे वाकते, तेथे एक व्रण होता. बोटाच्या पेराएवढा, तळाशी पिवळट पांढरा. अलीकडची कड गुळगुळीत होती. पलीकडची वळणाआड होती आणि तिच्यावर फेस जमला होता. डॉक्टर फेस धुऊन नळी वळवणार, एवढ्यात वीज गेली.

त्या दिवसांत बोईसरला वीज जाणे ही बातमी नव्हती. परंतु नळी घशात असताना आणि खिडक्या बंद असलेल्या खोलीत डोळ्यांसमोर अंधार झालेला असताना ती जाणे जमनाबाईंना फार जड गेले. त्या कासावीस झाल्या, हात झटकू लागल्या. अलीकडच्या कडेचे दोन तुकडे आधीच चिमट्याने घेऊन झाले होते. डॉक्टरांनी नळी अलगद बाहेर काढली.

मी घरी जाऊन चित्र पूर्ण केले. येथे मला माझी चूक नीट सांगितली पाहिजे. आमच्या विषयात नक्षीचा एक प्रश्न असतो. अर्धी नक्षी दिलेली असते, मध्यरेषेवर कागद दुमडून तिची उरलेली अर्धी बाजू हुबेहूब पुरी करायची असते. बारा वर्षे मी मुलांना हे शिकवत होतो. अर्धवट आकार समोर दिसला की माझा हात तो पुरा करतो. मी व्रणाची अलीकडची गुळगुळीत कड काढली, आणि तिच्यासारखीच पलीकडची काढली. चित्र फार सुबक झाले होते. असे करताना आपण काही चुकीचे करत आहोत, असे मला एकदाही वाटले नाही.

मुंबईहून तुकड्यांचा अहवाल आला. त्यात वाईट काही नव्हते. जमनाबाईंना आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या, आठ आठवड्यांनी पुन्हा दाखवायला बोलावले होते. त्या आल्या नाहीत. त्यांचे दुखणे थांबल्याचा निरोप मात्र आला. जठरातला व्रण बरा वाटला तरी पुन्हा पाहायचाच, हा डॉक्टरांचा नियम होता, कारण घातक व्रणही गोळ्यांनी काही काळ सुकतो आणि दुखायचा थांबतो. एरवी अशा रोग्याला ते लगेच पोस्टकार्ड टाकत. या खेपेस टाकले नाही.

मधले दोन महिने ताळा राहून गेला होता. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ताळा करताना ते वाचत होते आणि मी बोट ठेवत होतो. "आतल्या वळणावर व्रण." बोट. "तळ पिवळट पांढरा." बोट. "अलीकडची कड गुळगुळीत." बोट. "पलीकडची कड दिसली नाही."

माझे बोट पलीकडच्या कडेवर होते.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मास्तर, ही कड कुठून आणलीत?"

"तिथे कड असणारच ना, डॉक्टर."

"असणारच. पण ती अशी आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

 त्यांनी दोन्ही पाने आळीपाळीने पाहिली. मग म्हणाले, "अहवाल आला त्या दिवशी मी वही उघडली होती. नियम मोडून उजवं पान पाहिलं. कड चहूकडून चांगली दिसली, म्हणून कार्ड टाकलं नाही. डावं पान माझंच होतं, म्हणून वाचलं नाही." वही मिटून त्यांनी विचारले, "चिंचणीची बस किती वाजता आहे?"

जमनाबाई अंगणातल्या बांबूच्या मांडवावर बोंबील टांगत होत्या. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्या जोड्या करत होत्या आणि काठीवर टाकत होत्या. आम्हाला पाहून त्यांचा हात थांबला नाही.

"कोण, डाक्टर? माझं पोट बरं हाय. जावा तुमी."

त्यांचे दीर जाळे विणत ओटीवर बसले होते. ते म्हणाले, "वयनी आता दोन भाकऱ्या खाते. डाक्टर घरी आला म्हंजे एक तर मानूस गेला, नायतर डाक्टर चुकला. यातलं काय झालं?"

"दुसरं," डॉक्टर म्हणाले.

दिरांचा हात जाळ्यात तसाच राहिला. आता कोणीतरी खुलासा करणे भाग होते, आणि तो मीच करायला हवा होता. मी म्हणालो, "चूक माझी आहे, बाई. तुमच्या जखमेची एक बाजू मी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. तरीही ती चित्रात काढली."

"बघितली नाय, मग काढली कशी?"

"अंदाजाने."

"अंदाजानं!" जमनाबाई हसू लागल्या. हातातली बोंबलांची जोडी त्यांनी टोपलीत ठेवली आणि पदराने डोळे पुसले. "ऐकलं का भावजी? मास्तरानं माझ्या पोटात अंदाज काढला. पोरांना पन असंच शिकवता काय, मास्तर?"

"हो," मी म्हणालो. ते खरेच होते.

"मग तुमीच खोडून टाका. मला कशाला बोलावता? मी नाय येत. मागल्या टायमाला लाइट गेली ना, तवा मला वाटलं, मी मेली. घशात नळी आनि डोळ्यापुढं काळोख. ती नळी परत नाय."

डॉक्टर एका पालथ्या टोपलीवर बसले. त्यांनी जमनाबाईंना समजावले नाही, घाबरवलेही नाही.  शेवटी जमनाबाईंनीच विचारले, "तिकडच्या बाजूला काय असंल?"

"माहीत नाही."

"डाक्टर हायेत तुमी. सांगा ना, काय वाटतंय?"

"खरंच माहीत नाही, बाई. माहीत असतं तर कार्ड टाकलं असतं. आलो नसतो."

जमनाबाई खाली बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले होते. "आनि वाईट असंल तर?"

"तर मुंबईला ऑपरेशन. आत्ता कळलं तर करता येईल. उशिरा कळलं तर करता येईलच, असं मी सांगू शकत नाही."

"नारळी पुनवेनंतर होडी निघंल. मग मला दम घ्यायला पन टाइम नाय."

"म्हणून आज आलो," डॉक्टर म्हणाले.

दिरांनी जाळे बाजूला ठेवले. "वयनी, जा तू. हा मानूस माहीत नाय म्हनतोय. असा डाक्टर मी तरी बघितला नाय."

जमनाबाईंनी दोन अटी घातल्या. एक, लाइट जाता कामा नये. दुसरी, मास्तरांचे बघून होईपर्यंत नळी काढायची नाही. "मला किती बी कोंडलं तरी. या टायमाला अंदाज नाय पायजेल."

पहिली अट पुरी करण्यासाठी डॉक्टरांनी मंडपवाल्याकडून जनरेटर मागवला. तो शुक्रवारी सकाळी टेम्पोतून आला. बरोबर रंगीत दिव्यांच्या माळांचे गाठोडेही होते. मंडपवाल्याचा माणूस माडीवर येऊन चहूकडे पाहत म्हणाला, "साहब, शादी किसकी है?"

"अभी तय नहीं है," डॉक्टर म्हणाले. "माला नीचे रखो."

जमनाबाई डाव्या कुशीवर झोपल्या. सिस्टरांनी त्यांचे डोके धरले. रस्त्यावर जनरेटर धडधडत होता. डॉक्टरांनी वळणापर्यंत नळी नेली, फेस धुतला, आणि नळीचे टोक मागे वळवून व्रणाची पलीकडची बाजू समोर आणली. आधी त्यांनी स्वतः पाहिले. मग मान बाजूला घेऊन ते म्हणाले, "मास्तर. मोजू नका. हवं तेवढं पाहा."

मी जे पाहिले ते सांगतो. व्रण आधीच्या निम्म्याने लहान झाला होता. अलीकडची कड सपाट आणि गुळगुळीत होती, आणि तिच्याकडे येणाऱ्या जठराच्या घड्या निमुळत्या होत थेट कडेपर्यंत पोहोचत होत्या. साध्या, भरत आलेल्या व्रणात असेच दिसते. पलीकडची कड उचललेली होती, अळीने कुरतडलेल्या पानासारखी खालीवर होती. तिच्याकडे येणाऱ्या घड्या कडेपर्यंत पोहोचतच नव्हत्या. वाटेतच थांबत होत्या, आणि त्यांची टोके जाड झालेली होती. डॉक्टरांनी चिमट्याचे टोक लावले. निरोगी अस्तर चिमट्याबरोबर तंबूच्या कापडासारखे उचलले जाते. हे उचलले गेले नाही आणि लगेच रक्त झिरपू लागले. त्या बाजूचे त्यांनी आठ तुकडे घेतले. जमनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण त्यांनी हात झटकला नाही. माझे पाहून झाले का, म्हणून त्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडेच पाहत होत्या. मी मान हलवली. नळी बाहेर आली.

मी तेथेच बसून चित्र काढले. कडेच्या एका टोकाशी थोडा फेस शेवटपर्यंत राहिला होता. ती जागा मी कोरी सोडली.

सिस्टर डोकावून म्हणाल्या, "मास्तर, चित्र अर्धंच राहिलंय."

"पूर्ण आहे," डॉक्टर म्हणाले.

घशातला बधिरपणा उतरल्यावर जमनाबाईंनी विचारले, "दिसली काय?"

"दिसली."

"कशी हाय?"

"खडबडीत आहे. अलीकडची तशी नाही."

"म्हंजे वाईट."

"म्हणजे खडबडीत," डॉक्टर म्हणाले. "नाव कागद आल्यावर."

कागद आला. नाव वाईटच होते. ते सांगायला डॉक्टर पुन्हा चिंचणीला गेले, आणि मीही गेलो. मुंबईच्या सर्जनना दाखवायला त्यांनी दोन्ही तपासण्यांची पाने, डावी आणि उजवी, वहीतून कापून जमनाबाईंच्या हाती दिली. आधीचे माझे सुबक चित्रही त्यात होते. ते देऊ नये, असे मी सुचवले. ते म्हणाले, "आधी कुठं पाहिलं गेलं नव्हतं, ते त्यांनाही कळायला हवं."

शस्त्रक्रियेत जठराचा बराच भाग काढावा लागला. रोग जठराच्या भिंतीबाहेर गेलेला नव्हता, असे सर्जननी कळवले. त्या वर्षी होडी त्यांच्याविना निघाली. पुढच्या वर्षी त्या मांडवाशी उभ्या होत्या, बारीक झालेल्या, दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खाणाऱ्या. मी बोईसर सोडले तेव्हा त्या घटनेला तीन वर्षे झाली होती आणि त्या बाजारात बसत होत्या. त्यानंतरचे मला माहीत नाही.

त्या एकदा दवाखान्यात दाखवायला आल्या असताना मी हजर होतो. जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारले, "डाक्टर, मी त्या दिवशी आलीच नसती तर?"

डॉक्टर हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला. "तर आमच्या वहीत एक चांगलं चित्र राहिलं असतं," ते म्हणाले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. केवळ पाहून व्रणाचा स्वभाव ठरवता येत नाही. काळजीपूर्वक पाहून संशय कोठे घ्यायचा, एवढे कळते. बाकीचे काम कडेच्या सर्व बाजूंनी घेतलेले तुकडे करतात, आणि गोळ्यांनी बरे वाटू लागल्यानंतर पुन्हा केलेली तपासणी करते. मी चित्रकलेचा शिक्षक आहे, वैद्य नाही, आणि हे सर्व आठवणीतून लिहिले आहे. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात कोणाला जठराचा व्रण असल्याचे सांगितले गेले असेल आणि औषधाने दुखणे थांबले असेल, तर त्यांचे कागद बाहेर काढा. तुकडे घेतल्याची आणि नंतर पुन्हा पाहिल्याची नोंद त्यात आहे का, ते स्वतः तपासा. नसेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारा.